ॲक्सोलॉटलचं पिल्लू पाळताना : पहिल्यांदाच पाळणाऱ्यांसाठी

ॲक्सोलॉटलची पिल्लं दगावतात त्यामागे, माझ्या पाहण्यात, बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. पाणी तापलेलं असतं, नाहीतर पाणी बिघडलेलं असतं. नवा पाळणारा आधी खाण्याची काळजी करतो, रंगीत घरटी शोधतो, आणि पाण्याकडे लक्ष जातं तोवर उशीर झालेला असतो. म्हणून या लेखात पिल्लू घरी येतं ते सहाव्या पायरीवर. आधीच्या पायऱ्या गाळून थेट तिथे जावंसं वाटेल. कृपया तसं करू नका.

१. प्राणी समजून घ्या, मगच हो म्हणा

'चालणारा मासा' म्हणून विकला जात असला तरी ॲक्सोलॉटल मासा नाही. तो बेडकासारखा उभयचर आहे, सॅलमँडरच्या कुळातला. त्याचे बहुतेक भाऊबंद मोठे झाले की कल्ले गमावून जमिनीवर येतात. हा मात्र डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तुरेदार कल्ले घेऊन आयुष्यभर पाण्यातच राहतो. शास्त्रीय नाव अँबिस्टोमा मेक्सिकानम. मूळ घर मेक्सिको सिटीजवळची सोचिमिल्को आणि चाल्को ही सरोवरं, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून जास्त उंचीवरची. ही उंची ध्यानात ठेवा, कारण पाण्याच्या तापमानाचा सगळा प्रश्न तिथून सुरू होतो.

निसर्गात तो आज अतिसंकटग्रस्त आहे. पाळायला मिळतात ते पिढ्यान् पिढ्या माणसाच्या देखरेखीत वाढलेले. १८६४ साली काही ॲक्सोलॉटल पॅरिसला पोहोचले, तिथे त्यांची वीण झाली आणि युरोपातल्या प्रयोगशाळांमध्ये ते पसरले. संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ही जात आहे. शिवाय जागोजागचे कायदे वेगळे असतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात तो पाळायला बंदी आहे, तर इतर अनेक राज्यांत परवानगी. तुमच्या भागात काय नियम आहे ते पैसे देण्याआधी वन किंवा वन्यजीव खात्याकडून विचारून घ्या. विक्रेत्याच्या तोंडी 'चालतं हो' वर विसंबू नका.

आज पाच-सहा सेंटिमीटरचं दिसणारं पिल्लू वर्ष-दीड वर्षात २० ते २५ सेंटिमीटरचं होतं, कधी ३० चंही. नीट सांभाळलं तर दहा ते पंधरा वर्षं जगतं. हा हातात घेऊन खेळवायचा प्राणी नाही. त्याची त्वचा नाजूक आणि पाझरणारी असते, आणि सांगाड्याचा बराच भाग कूर्चेचा. मुलांसाठी आणत असाल तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

२. काय काय लागेल

कागदपत्रं:
- विक्रेत्याची पावती. पिल्लू बंदिवासातल्या जोडीचं आहे असं त्यात लिहून घ्या.
- जिथे परवाना लागतो तिथे परवाना.
- उभयचर तपासणाऱ्या पशुवैद्याचा नंबर. असे डॉक्टर कमी असतात, त्यामुळे शोध आधी घ्या, गरज पडल्यावर नाही.

सामान:
- किमान ७५ लिटरची, शक्यतो १०० लिटरच्या पुढची टाकी. उंच नको, लांब हवी.
- स्पंज फिल्टर, एअर पंप आणि नळीत बसवायचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह.
- डिजिटल थर्मामीटर.
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे तो आकडा) मोजणारं थेंबांचं किट. कागदी पट्ट्या स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर मी भरवसा ठेवत नाही.
- क्लोरीन काढणारं द्रावण. कोरफड किंवा आयोडीन घातलेलं नको.
- झाकणासाठी जाळी.
- थंडाव्याची सोय, म्हणजे क्लिप-पंखा किंवा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र).
- झाकणाचे दोन प्लास्टिकचे डबे, पाच ते दहा लिटरचे, कधीही साबण न लागलेले.
- मोठा ड्रॉपर, सायफनची नळी, बोथट टोकाचा लांब चिमटा.

दुसरा डबा कशाला हे सहाव्या पायरीत कळेल.

३. टाकी मांडा

तळ मोकळा ठेवा. रंगीत खडी अजिबात नको. ॲक्सोलॉटल तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, आणि समोर पडलेले खडेही त्याच ओढीने पोटात जातात. आतडं अडलं की पिल्लू वाचणं कठीण. एक मिलिमीटरपेक्षा बारीक वाळू चालते, पण पिल्लू १२-१५ सेंटिमीटरचं झाल्यावरच. मोकळ्या काचेवर पाय घसरतात असं वाटलं तर खडबडीत सपाट फरशी टाका.

लपायला दोन जागा हव्यात. धारदार कडा नको, आणि भोक इतकं मोठं हवं की वाढलेलं डोकं अडकणार नाही. प्रकाश कमी ठेवा, कारण या प्राण्याला पापण्या नसतात. जावा फर्न, ॲन्युबियस, जावा मॉस या वनस्पती मंद उजेडात आणि थंड पाण्यात तग धरतात, आणि पिल्लाला आडोसाही देतात.

फिल्टरचा प्रवाह मंद हवा. पाण्याचा झोत सतत अंगावर आला की पिल्लू ताणाखाली येतं, कल्ले पुढे वाकतात, शेपटीचं टोक आकड्यासारखं वळतं. वीज गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात येतं, ते नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडवतो. छोटी वस्तू आहे, विसरू नका.

४. पाणी पिकवा, म्हणजेच सायकलिंग

ही पायरी चार ते आठ आठवडे खाते. या काळात टाकीत कोणीही नसतं, म्हणून ती लोकांना निरर्थक वाटते. माझ्या मते सगळ्या लेखात हीच सर्वांत महत्त्वाची.

प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो कल्ले जाळतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पाण्यात कमी आणि फिल्टरच्या स्पंजवर जास्त राहतात. नव्या टाकीत ते नसतातच. ते वाढवायचे म्हणजे सायकलिंग.

पद्धत अशी. टाकी भरा, क्लोरीन काढा, फिल्टर चालू करा. सुगंध किंवा साबण नसलेला, टाकीसाठीच मिळणारा अमोनिया थोडा थोडा घालून किटवर २ पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग) आणा. दर एक-दोन दिवसांनी मोजा. आधी अमोनिया उतरायला लागेल आणि नायट्राइट चढेल, मग नायट्राइट उतरून नायट्रेट चढेल. अमोनिया संपत आला की पुन्हा २ पीपीएम करा, नाहीतर जिवाणू उपाशी राहतात. टाकी रिकामी आहे तोवर पाणी २५ अंशांच्या वर असलं तरी हरकत नाही, उलट जिवाणू लवकर वाढतात.

२ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य आणि नुसतं नायट्रेट उरलं की टाकी तयार. लागोपाठ दोन-तीनदा हाच निकाल आला की मोठा पाणीबदल करून नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणा आणि पाणी थंड करा.

इथले नेहमीचे सापळे:

'बाटलीतले जिवाणू टाकले की उद्याच पिल्लू सोडा.' बाटली मदत करते, पण किटने होकार दिल्याशिवाय कोणाचं ऐकू नका.

नायट्रेटचं चुकीचं मोजमाप. बऱ्याच किटमध्ये नायट्रेटच्या दोन बाटल्या असतात आणि दुसऱ्या बाटलीत गाळ खाली बसतो. अर्धा मिनिट ती जोरजोरात हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो, आणि पाणी स्वच्छ असल्याचा समज होतो.

नळाखाली स्पंज धुणं. क्लोरीनने जिवाणू मरतात आणि सगळी मेहनत वाया जाते. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलक्या हाताने पिळायचा.

पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडतं, हे खरं. पण अनेक ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग असतं, ते असं उडत नाही. द्रावण वापरणं हाच सुरक्षित मार्ग.

पीएच साधारण ७.४ ते ७.६ असला तर उत्तम, ६.५ ते ८ मध्ये प्राणी निभावून नेतो. आकडा गाठण्यासाठी रसायनं ओतत बसण्यापेक्षा तो स्थिर ठेवणं बरं.

५. थंडावा

१६ ते १८ अंश सेल्सिअस. हा आकडा टाकीवर चिकटवून ठेवा. २० पर्यंत चालतं. २२ च्या पुढे त्रास सुरू होतो, आणि २४ अंशांवर काही दिवस राहिलेलं पिल्लू आजारी पडेल असंच धरून चाला. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, अमोनिया जास्त विषारी होतो आणि बुरशी-जिवाणूंना रान मोकळं मिळतं. म्हणजे तिन्ही संकटं एकदमच येतात.

आधी फुकटचे उपाय करा. टाकी खिडकीच्या उन्हापासून, स्वयंपाकाच्या ओट्यापासून आणि टीव्ही-फ्रिजच्या गरम हवेपासून लांब, घरातल्या सर्वांत थंड खोलीत, शक्य तितक्या खाली ठेवा. दिवा काढून टाका.

पुढचा टप्पा पंखा. काचेचं झाकण काढून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंश उतरतं. हवा दमट असली की फरक कमी पडतो. पाणी रोज आटेल, ते क्लोरीन काढलेल्या पाण्याने भरा. नुसती भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. वाफेसोबत क्षार आणि नायट्रेट जात नाहीत, ते मागे साठतात.

खोलीचं तापमान वर्षातले काही महिने २६-२७ च्या वर राहत असेल तर चिलर लागतोच. तो महाग असतो, आवाज करतो आणि स्वतः गरम हवा फेकतो, म्हणून त्याच्या मागे मोकळी जागा ठेवा. चिलरचा खर्च परवडत नसेल आणि तुमच्याकडचा उन्हाळा कडक असेल, तर हा प्राणी आणू नका. हे स्पष्ट सांगण्याबद्दल राग येऊ नये. उन्हाळाभर बर्फाच्या बाटल्यांवर ॲक्सोलॉटल सांभाळता येत नाही. बाटली टाकली की तापमान झपकन उतरतं, वितळली की चढतं, आणि हे वर-खाली होणं पिल्लाला तितकंच जाचतं. वीज गेली तर तात्पुरता उपाय म्हणून बाटल्या जरूर गोठवून ठेवा.

हीटर कधीच लागत नाही.

६. पिल्लू निवडा आणि घरी आणा

पाच सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्लू पहिल्यांदा पाळणाऱ्याने घेऊ नये. सात-आठ सेंटिमीटरचं मिळालं तर सर्वांत चांगलं, कारण या उंबरठ्यापर्यंत पिल्लं एकमेकांचे पाय आणि कल्ले तोडतात, शिवाय त्यांना जिवंत खाणंच लागतं.

बघताना चारी पाय, बोटं आणि कल्ले बघा. पाय तुटलेला असला तरी घाबरू नका, ॲक्सोलॉटलचा पाय हाडांसकट पुन्हा उगवतो. पण जखमेवर पांढरा कापूस दिसत असेल तर ते पिल्लू नको. पोट डोक्याच्या रुंदीइतकं भरलेलं हवं. अंग बारीक आणि डोकं मोठं दिसत असेल तर ते उपाशी आहे. विक्रेत्याला तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. आणि तो काय खाऊ घालतो, पाणी किती अंशांवर ठेवतो, हे विचारून लिहून घ्या. पहिले काही दिवस तेच चालू ठेवायचं आहे.

रंगावर फार वेळ घालवू नका. काळपट जंगली रंग, काळ्या डोळ्यांचा गुलाबी-पांढरा, सोनेरी, गडद काळा, निळ्या प्रकाशात हिरवा चमकणारा, या सगळ्यांची काळजी एकसारखीच.

आणताना पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा. घरी आल्यावर पिशवी नव्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगवा, मग थोडं थोडं नवं पाणी पिशवीत घाला, आणि शेवटी फक्त पिल्लू पलीकडे जाऊ द्या. दुकानातलं पाणी टाकीत ओतू नका. जाळीत कल्ले आणि बोटं अडकतात, म्हणून पिल्लू हलवायचं ते डब्यात घेऊनच.

आता ते दोन डबे. दहा सेंटिमीटरच्या आतलं पिल्लू मोठ्या टाकीत सोडलं तर ते खातंय की नाही कळत नाही आणि उरलेलं खाणं कोपऱ्यात कुजतं. म्हणून सुरुवातीला त्याला डब्यात ठेवा. एका डब्यात पिल्लू. दुसऱ्या डब्यात क्लोरीन काढलेलं पाणी आदल्या रात्रीच पहिल्या डब्याशेजारी ठेवा, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखं होतं. रोज पिल्लू दुसऱ्या डब्यात, पहिला रिकामा करून धुवायचा. रोज शंभर टक्के पाणीबदल, एकही दिवस चुकवायचा नाही, कारण डब्यात जिवाणू नाहीत. थंडावा इथेही लागतोच, डबाभर पाणी टाकीपेक्षा लवकर तापतं. टाकी रिकामी राहील तोवर तिच्यात अमोनिया घालत राहा, नाहीतर पिकवलेले जिवाणू मरतील. पिल्लू सोडण्याआधी शेवटचा मोठा पाणीबदल करायला मात्र विसरू नका.

पहिले एक-दोन दिवस त्याने खाल्लं नाही तरी टोचत बसू नका. दिवा बंद, घरात शांतता, एवढं पुरे.

७. खाणं

ॲक्सोलॉटलची नजर अधू असते. तो हालचाल, वास आणि पाण्यातल्या लहरी यांवर शिकार ओळखतो. लहान पिल्लाला निपचित पडलेलं अन्न अन्न वाटतच नाही. म्हणून पाच ते सात सेंटिमीटरपर्यंत ताजे उबवलेले ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातले चिमुकले कवचधारी जीव), डॅफ्निया (पाणपिसवा), बारीक ब्लॅकवर्म (पाण्यातल्या बारीक अळ्यांसारखे कृमी) द्या. ब्राइन श्रिंपची अंडी खाऱ्या, कोमट, हवा सोडलेल्या पाण्यात दीड दिवसात फुटतात. देण्याआधी गाळून गोड्या पाण्याने धुवा. पांढऱ्या पिल्लाचं पोट इतकं पारदर्शक असतं की पोटभर खाल्लं की तिथे नारिंगी डाग उठून दिसतो. पिल्लू जेवलं की नाही याचा इतका सरळ पुरावा पुढे कधी मिळत नाही.

सात-आठ सेंटिमीटरनंतर गांडूळ. पुढे आयुष्यभर मुख्य आहार हाच, पूर्ण आणि पौष्टिक. कीटकनाशक किंवा रासायनिक खत पडलेल्या मातीतलं गांडूळ कधीच घेऊ नका. स्वच्छ धुवा, ब्लेडने तुकडे करा. तुकडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको. चिमट्याने नाकासमोर धरून हळू हलवा. क्षणभर काही होत नाही, मग डोकं किंचित वळतं आणि गपकन तुकडा आत. कधी तो तुकडा थुंकून पुन्हा पकडतं, ते नेहमीचंच. खतासाठी पाळली जाणारी लाल गांडुळं कडवट द्रव सोडतात, त्यामुळे पुष्कळ पिल्लं ती थुंकतात. काही सेकंद गरम पाण्यात बुचकळून, गार करून दिली तर काही जण स्वीकारतात.

गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) मधल्या काळात उपयोगी, पण त्यांच्यावरच वाढवू नका. बुडणाऱ्या मऊ गोळ्या गांडुळांना जोड म्हणून चालतात. मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) नको, कवच पचत नाही. दुकानातले चाऱ्याचे मासे नको, त्यांच्यासोबत परजीवी येतात. मटण-चिकन तर नकोच.

किती वेळा? सात-आठ सेंटिमीटरपर्यंत दिवसातून दोनदा, पंधरापर्यंत रोज एकदा, अठराच्या पुढे दर दोन-तीन दिवसांनी. वीस मिनिटांत जे उरलं ते ड्रॉपरने काढून टाका.

८. रोजचं आणि आठवड्याचं काम

रोज थर्मामीटर बघा, विष्ठा ड्रॉपरने उचला, कल्ल्यांकडे नजर टाका. आठवड्यातून एकदा किट काढा आणि २० ते ३० टक्के पाणी बदला. अमोनिया किंवा नायट्राइट शून्यापेक्षा जास्त दिसलं तर वाराची वाट न बघता त्याच दिवशी बदला, आणि टाकी स्थिरावेपर्यंत पिल्लू पुन्हा डब्यात. टाकीत हात घालण्याआधी आणि काढल्यानंतर हात साबणाने धुवा, पण आत घालताना हातावर साबणाचा अंशही नको. उभयचरांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो, म्हणून टाकीचं सामान स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुऊ नका.

सोबतीला मासे सोडायचा मोह होईल. मासे कल्ले कुरतडतात, आणि गिळला जाणारा मासा काटेरी असला तर घशात अडकतो. त्याला एकटं ठेवल्याने काही बिघडत नाही.

९. बिघडलं तर

मधूनच वर येऊन हवेचा घोट घेणं नैसर्गिक आहे, त्याला फुप्फुसंही असतात. सारखं वर येत असेल तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा पाणी बिघडलं आहे. तरंगत राहून खाली जाता येत नसेल तर पोटात वायू किंवा बद्धकोष्ठ. डब्यात उथळ पाण्यात ठेवा, एखाद-दोन दिवस खाणं थांबवा.

कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे बुरशी. पहिला उपाय तोच: थंड, स्वच्छ, रोज बदललेलं पाणी आणि पशुवैद्याला फोन. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय मोठ्या प्राण्यांवर करतात, लहान पिल्लावर तो मनाने करू नका. पिल्लू फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्लाही मिळेल, तो डॉक्टरने सांगितल्याशिवाय पाळू नका. माशांची औषधं तर नकोच. तांबं किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधं या त्वचेला घातक ठरतात.

१०. मोठं होताना

दहा सेंटिमीटरच्या पुढे टाकीत हलवा. सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान लिंग कळतं. नराच्या मागच्या पायांमागे ठळक फुगवटा येतो, मादीचं अंग गोलसर होतं. कळायच्या आत दोन पिल्लं एकत्र ठेवू नका. मादी एका वेळी शंभरपासून हजारपर्यंत अंडी घालते, आणि नर सतत सोबत असला तर वारंवार अंडी घालून ती खंगते. अंडी झालीच आणि वाढवायची नसतील तर एक-दोन दिवसांच्या आत ती गोठवून टाका. प्राणी किंवा अंडी ओढ्या-तळ्यात कधीही सोडू नका.

गावाला जायचं असेल तर पूर्ण वाढलेला ॲक्सोलॉटल थंड, पिकलेल्या टाकीत आठवडाभर खाण्याशिवाय राहू शकतो. पिल्लू नाही राहू शकत. त्याच्यासाठी येणाऱ्या माणसाला तुमच्यासमोर एकदा पाणी बदलायला आणि खाऊ घालायला लावा, गांडुळाचे दिवसागणिक तुकडे वेगवेगळ्या डब्यांत करून ठेवा, आणि तापमान २० च्या वर गेलं तर कोणाला फोन करायचा ते टाकीवर लिहून जा.